पुसलेली चार गाणी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना जो नम्रपणा दाखवतात तो माझ्याजवळ नाही, हे आधीच सांगते. मोडक्या खुर्चीने आणि फाटक्या छत्रीने खुशाल गहिवरून बोलावे. त्यांच्या लाखो प्रती कधी खपल्या नव्हत्या. माझ्या खपल्या होत्या.

तरी माझ्या जन्मापासून सुरुवात करत नाही. एका रविवारापासून करते. त्या रविवारात विशेष काहीच नव्हते, पण तसा साधा दिवस त्या घरात पुन्हा आला नाही.

दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट होता. निलंग्याला आप्पांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मी होते. आप्पा म्हणजे उद्धवराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांची मुलगी दीपाली लातूरला डॉक्टर. ती महिन्यातून एका रविवारी गाडी घेऊन यायची, तीन तास थांबायची आणि त्यातले दोन तास मोबाइलकडे बघायची. त्या दिवशी शेजारच्या नागाबाई नातीला घेऊन आल्या होत्या. नातीचे नाव मृण्मयी. तिला लातूरला क्लासला ठेवायचे ठरले होते, आणि निलंग्यातली मुले लातूरला निघाली की आधी माझ्या दर्शनाला आणायची अशी एक खुळचट प्रथाच पडली होती.

आप्पांनी मला काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि तळहातावर ठेवून दाखवले.

"हीच ती. हिच्यावरच आमची दीपाली डॉक्टर झाली."

"अगं बया," नागाबाई म्हणाल्या, "लई ऐकलं होतं हिच्याबद्दल. मला वाटलं मोठी असंल."

"आजोबा, हिच्यात किती जीबी बसतं?" मृण्मयीने विचारले.

"बावीस मिनिटं," आप्पा म्हणाले. "एका बाजूला."

पोरगी हसली. नागाबाईंना मात्र उगीच खोलात शिरायची सवय. त्या दीपालीकडे वळल्या. "काय गं डाक्टरीणबाई, रोज ऐकायचीस म्हणं तू ही. मग पहिला प्रश्न कोणता होता, सांग बरं हिला."

दीपालीचा अंगठा मोबाइलवर थांबला. तिने वडिलांकडे पाहिले नाही.

"किडनीचा," ती म्हणाली.

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी मला डबीत घातले, डबीचे झाकण दाबले आणि म्हणाले, "बरोबर. किडनीचाच."

निघताना दारात दीपाली म्हणाली, "आप्पा, आता सगळ्यांना दाखवत बसू नका ना ते. लोक हसतात."

"हासू दे की. तुला कुठं हासलालेत?"

"गोळ्या वेळेवर घ्या."

"हाव. तू गाडी सावकाश चालव. लांबोट्याचा रस्ता लई बेजार करतो."

एवढेच. सोमवारी सकाळी दूधवाला हाका मारून थकला, तेव्हा शेजाऱ्यांनी दार उघडले. आप्पा झोपेतच गेले होते. पत्नी, गोदावरीबाई, आठ वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यामुळे पहिली हाक मारायला घरात कोणी नव्हते.

आता माझ्याबद्दल.

माझा जन्म त्र्याण्णव साली मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्यावर 'हवा का पता' नावाचा हिंदी गाण्यांचा संच होता. बाजूला चार अशी आठ गाणी. गाणी लिहिणारा, चाल लावणारा, गिटार वाजवणारा आणि गाणारा एकच तरुण होता. वेष्टणावर तो सायकलला टेकून उभा होता आणि क्षितिजाकडे असा बघत होता, जसा कोणी उसने नेलेली छत्री परत येण्याची वाट बघतो. आठही गाण्यांत तो विरहाने होरपळत होता. त्याला स्वतःला तेव्हा तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पण खप तुफान झाला. पानटपऱ्यांवर मी, रिक्षांत मी, लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर मी. विरहाच्या गाण्यावर नवरदेवाचे मित्र नाचायचे. शब्दांकडे लक्ष देणे ही त्या काळी कोणाची सवय नव्हती, आजही नाही. कंपनीने त्या तरुणाला सोनेरी तबकडी दिली. मला काही दिले नाही, पण मी ती शोभा स्वतःकडे घेतली. मी यशस्वी होते. यशस्वी माणसांप्रमाणेच मलाही वाटे की जे खपते ते चांगलेच असते.

लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात मी भजनांच्या आणि बालगीतांच्या कॅसेटींमध्ये चार महिने काढले. त्यांच्याशी मी बोलत नसे. ऑगस्टमध्ये दीपालीच्या मामाने, ती अकरावीत पहिली आली म्हणून, मला विकत घेऊन तिच्या हातात दिले.

दीपाली तेव्हा सतरा वर्षांची, बारावी विज्ञानला. औसा रोडच्या मागे एका गल्लीत मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची. मैत्रिणीचे नाव श्रद्धा; तिच्याजवळ वॉकमन होता. त्या गल्लीत घर म्हणून उरलेच नव्हते. जिन्याखाली दोन मुली, गच्चीवर पत्रे टाकून चार मुली. घरमालकीण स्वतः स्वयंपाकघरात झोपायची आणि बाकी सगळे घर भाड्याने. पहाटे पाचपासून सायकलींची रांग एका सरांकडून दुसऱ्या सरांकडे. ते सर भौतिकशास्त्र शिकवायचे, हे सर रसायन. चौकात मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो, प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू फोटोसाठी त्याला झोपेतून उठवले आहे. मी या सगळ्याकडे फार वरून पाहत असे. या पोरांना माझी गाणी कळायची नाहीत, असे माझे मत होते. दीपालीला कळायची. ती दिवसातून एकदाच, जेवणानंतर, माझी अ बाजू ऐकायची. तिसऱ्या गाण्याला ती डोळे मिटायची. माझ्यावर कोणी प्रेम केले असेल तर ते त्या वीस-बावीस मिनिटांत, त्या पोरीने.

तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. लातूरची ती गल्ली हलली, भिंतीला चीर गेली, मुली पायऱ्यांवरून एकमेकींच्या अंगावर पडत रस्त्यावर आल्या. किल्लारीकडच्या गावांचे काय झाले ते उजाडल्यावर कळू लागले. निलंग्याचे घर वाचले; एक भिंत गेली. शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि आप्पा येऊन दीपालीला घेऊन गेले. मी तिच्या पिशवीत होते.

घरासमोर अंगणात पत्र्याचे शेड उभे केले होते. घर शाबूत असलेलेही घरात झोपत नसत, कारण जमीन अधूनमधून हलतच होती. आप्पा सकाळी सातला निघायचे आणि अंधार पडायच्या सुमाराला यायचे. त्यांना पंचनाम्यांच्या कामावर लावले होते. गावोगाव जायचे, कोणाचे घर किती पडले, आत कोण होते, ते लिहायचे, लिहिलेले त्या माणसाला वाचून दाखवायचे आणि त्याचा अंगठा घ्यायचा. ते घरी आले की हातपाय धुवायला फार वेळ लावायचे. बोलायचे नाहीत. मी तेव्हा समजले, की या माणसाजवळ बोलण्यासारखे काही नाही.

दिवाळीनंतर क्लास सुरू झाले. आप्पांनी दीपालीला एसटीत बसवून दिले.

"मी थांबते ना आप्पा. आई एकटी आहे."

"इथं थांबून काय करणार? भिंती पडल्या म्हणून परीक्षा पुढं जाणार न्हाई. चल."

घाईत मी घरच्या टू-इन-वन रेडिओ-टेपमध्येच राहून गेले. आणि इथून माझ्या अधःपाताची कथा सुरू होते.

आप्पांना कचेरीत कोणीतरी सांगितले होते, की लातूरचे पहिले येणारे विद्यार्थी प्रश्नोत्तरे टेप करून ऐकतात. जेवताना, आंघोळीला पाणी तापेपर्यंत, डोळे मिटून पडल्यावरसुद्धा. कारकुनाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती आदेश क्रमांकासह शिरते. कोरी कॅसेट निलंग्यात मिळेना. बसस्थानकाजवळचे वीरभद्रचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान, तिथेच काय ते मिळायचे; त्या दुकानाचा पुढचा भाग कोसळला होता आणि वीरभद्र रस्त्यावर ताडपत्री टाकून बसला होता. आप्पा मला घेऊन त्याच्याकडे गेले.

"ही भरलेली हाय. हिच्यावर दुसरं भरता येतं का?"

"येतं की," वीरभद्र म्हणाला. "वरच्या कडंला दोन खाचा हायेत बघा. जी बाजू भरायची तिकडच्या खाचंत कागद कोंबायचा. मशीनला वाटतं कोरी हाय."

घरी गोदावरीबाईंनी विरोध केला. "पोरीची आवडती गाणी हायेत ती! रडंल ती."

"एक बाजू राहू देतो."

"तिला इचारा तरी."

"इचारलं तर न्हाई म्हणंल," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या एका खाचेत पंचनाम्याच्या कोऱ्या फॉर्मचा तुकडा घडी करून डिंकाने बसवला.

मित्रांनो, जिच्या लाखो प्रती खपल्या तिच्या गळ्यात सरकारी कागद कोंबला गेला. नंतर मशीन सुरू झाले. फीत पुढे सरकते तसा जुना आवाज पुसला जातो आणि नवा बसतो. पुसले जाताना काय होते ते सांगणार नाही. एवढेच सांगते, की माझी चार गाणी मरत होती आणि त्या किंकाळीत आप्पा काय बोलत होते त्यातला एक शब्द मला कळला नाही. आणखी एक सांगते, कारण पुढे ते लागेल. कॅसेटला आपल्या पोटातले आपण वाचता येत नाही. कोणी वाजवले तरच आमचे आम्हाला कळते.

बाजू संपली. खटका पडला. आप्पांनी मला तसेच बाहेर काढले. फीत पुन्हा सुरुवातीला गुंडाळून ठेवावी लागते हे त्यांना ठाऊक नव्हते. वेष्टणावरच्या सायकलवाल्याच्या अंगावर त्यांनी कागदाची पट्टी डकवली आणि टाकाने लिहिल्यासारख्या अक्षरात लिहिले: 'जीवशास्त्र. कु. दीपाली. इयत्ता बारावी.'

रविवारी डब्याबरोबर मी लातूरला पोचले.

पट्टी पाहून दीपालीचा चेहरा उतरला. आप्पा खाली बससाठी निघून गेले होते. तिने मला वॉकमनमध्ये घातले. फीत शेवटाला होती. तिने जरा मागे घेतली आणि कळ दाबली. श्रद्धाने आपला कान तिच्या कानाला लावला. आतून आप्पांचा आवाज आला, कचेरीत मोठ्याने वाचतात तसा:

"प्रश्न क्रमांक अकरा. सदर किडनीचे कार्य लिहा. उत्तर खालीलप्रमाणे. किडनी म्हणजे आपल्या कचेरीतली बारनिशी, आवक-जावकीचं टेबल. येणारं-जाणारं सगळं हिच्या हाताखालून जातं. कामाचं ते ठेवती, बिनकामाचं बाहेर लावती. वाचून दाखविले, बरोबर आहे."

श्रद्धा गादीवर लोळून हसली. "सदर किडनी! दीपे, तुझे वडील किडनीचा पंचनामा करून राहिलेत गं!"

पलीकडच्या खोलीतल्या मुली आल्या. श्रद्धाने त्यांना ते बोलून दाखवले. दीपालीही हसली. ती हसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिने कळ दाबून मला बंद केले, आणि मित्रांनो, मी त्या वेळी तिच्या बाजूने होते. काय तो आवाज! काय ती भाषा! माझ्या नाजूक विरहाच्या जागी बारनिशी! तिला त्या माणसाची लाज वाटली आणि मलाही वाटली. आम्ही दोघींनी मिळून त्याचा तिरस्कार केला. मला तर त्यात सोबत मिळाल्याचे समाधानही वाटले.

ती मला पेटीच्या तळाशी टाकून मोकळी झाली. पुढच्या रविवारी आप्पांनी विचारले, "ऐकलीस का?"

"हो आप्पा. रोज ऐकते."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

आप्पा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, जणू ती आणखी काही बोलेल. ती डबा उघडत होती.

जूनमध्ये निकाल लागला. दीपालीचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला. घरी पेढे वाटले. मी पेटीतून पुन्हा निलंग्याला आले होते. आप्पा तिला म्हणाले, "आता काही पाहिजे का तुला? माग की."

"काही नको आप्पा."

"आठवून बघ."

"खरंच काही नको."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला लोखंडी कपाटात ठेवले. तिथे माझ्याआधीच एक जण येऊन बसली होती. 'हवा का पता', नवी कोरी, सीलबंद, वरच्या पारदर्शक कागदाला सुरकुतीसुद्धा नाही. माझीच बहीण. सायकलवाला तिच्या अंगावर पट्टीविना ऐटीत उभा. ती पुढची पंचवीस वर्षे माझ्या शेजारी होती आणि एकदाही बोलली नाही. तिची आठही गाणी शाबूत होती, तिला काय गरज? हा खुळा माणूस एक कॅसेट पुसतो आणि तीच दुसरी विकत आणून न उघडता ठेवून देतो, हे कोडे मला सुटले नाही. मी ते त्याच्या खुळेपणाच्या खात्यात टाकून दिले. तिचा मात्र हेवा करत राहिले.

लातूरचे दिवस पालटले. गल्ल्यांच्या जागी इमारती आल्या, सरांच्या जागी फलक आले. फलकांवर सरांचे फोटो नेत्यांएवढे मोठे. आणि आप्पा जो भेटेल त्याला माझी कथा सांगत सुटले. "कॅसेट भरून दिली. रोज ऐकायची. पहिल्यापासून." लोकांनी ते मनावर घेतले. निलंग्यात निदान तीन घरांत माझ्या जातभगिनींच्या खाचांत कागद कोंबले गेले. एकीवर भावगीते होती, एकीवर एका घरच्या लग्नातल्या मंगलाष्टका. त्या पोरांपैकी एक पुढे इमारतींना रंग देणारा झाला आणि उत्तम रंग देतो असे ऐकते. लातूरच्या एका क्लासवाल्याने तर कॅसेटींचा संचच काढला. अक्कल नावाची गोष्ट खपत नाही, बाकी सगळे खपते.

पण कोणी म्हणाले, "आप्पा, आम्हाला ऐकवा की एकदा," तर ते मला डबीत घालायचे. "ती तिची हाय," एवढेच म्हणायचे.

दर वर्षी दिवाळीच्या आधी ते मला वीरभद्रकडे न्यायचे. फीत वर्षातून एकदा पुढे-मागे फिरवली नाही तर चिकटते, असे त्याने सांगितले होते. तिथेही मला वाजू देत नसत. नुसते सर्रर पुढे, सर्रर मागे. पहिल्याच वर्षी फीत सुरुवातीला आणून ठेवली गेली आणि मग दर वर्षी तिथेच.

आप्पांचे तेरावे झाल्यावर दीपालीने कपाट उघडले. दुपार होती. ती कागदपत्रे काढत होती. तेरा दिवसांत ती रडलेली कोणी पाहिली नव्हती. तिच्या हाताला मी लागले. मग माझ्यामागची सीलबंद डबी लागली. ती तिने बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. मागच्या बाजूला आप्पांच्या अक्षरात तारीख होती, कचेरीत आलेल्या कागदावर टाकतात तशी: 'जून १९९४'.

ती दोघींना पिशवीत घालून वीरभद्रच्या दुकानात गेली. दुकानात आता मोबाइलची कव्हरे लटकतात. वीरभद्र म्हातारा झाला आहे, पण मागच्या फळीवर त्याने एक जुना टेपरेकॉर्डर चालू ठेवला आहे.

"आप्पांची," त्याने मला लगेच ओळखले. माझ्या आतला स्पंजचा बारका तुकडा निसटला होता. तो त्याने चिमट्याने काढला आणि नवा चिकटवला. काम करता करता म्हणाला, "दर साली यायचे. म्या म्हणायचो, आप्पा, आवाज तपासून बघू का? तर म्हणायचे, नको, आधी तिनं ऐकायची हाय. म्या म्हणलं, तिनं तर कवाच ऐकलीय न्हवं? तुम्हीच सगळ्या गावाला सांगताव. तर हासायचे नुसते."

दीपाली काउंटरला धरून उभी राहिली.

"वाजवून बघू का ताई?"

"इथं नको, काका. हे मशीन दोन दिवस न्यायला द्याल?"

"न्या की. इचारायचं काय त्यात."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून म्हणायचे असते, की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला पंचवीस वर्षे जपले. सदऱ्याने पुसले, कपाटात ठेवले, दर वर्षी फिरवून आणले. माझ्यापेक्षा माझी बहीण जास्त जपली गेली. तिचे तर सीलही कोणी तोडले नाही. जपून काय झाले? तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी काही बोलून ठेवले असेल, वेड्यावाकड्या भाषेत, चारचौघांत लाज वाटेल अशा आवाजात, तर ते जपू नका. ते ऐका. पहिल्यापासून ऐका. मी हे अधिकाराने सांगते, कारण मी स्वतःलाच ऐकले नव्हते आणि तरी पंचवीस वर्षे नाक मुरडत होते.

दीपालीने पुढच्या खोलीत मशीन ठेवले, दार लोटले, मला आत घातले आणि कळ दाबली.

आधी पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग कोणी खाकरले. मग आप्पा बोलले. अठ्ठेचाळीस वर्षांचे आप्पा, कचेरीचा आवाज नसलेले.

"दीपाली, मी आप्पा. तुझी गाणी पुसलालाव. माफ कर म्हणत न्हाई. तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस, अन् तुझं बरोबर असतं. पण कोरी कॅसेट कुठं मिळना. दुकानं पडल्यात. मागच्या बाजूची चार गाणी तशीच ठेवल्यात, ती ऐक. ही बाजू पुरी ऐकून झाली की मला नुसतं म्हण, आप्पा, माझी गाण्याची कॅसेट द्या. मी नवी आणून ठेवतो. तू मागितलीस की मला कळंल, ऐकलीस म्हणून. मी सारखं सारखं इचारणार न्हाई. अभ्यासाच्या पोरीला तकलीफ नको."

पुन्हा खाकरणे. मग तो कचेरीचा आवाज.

"प्रश्न क्रमांक एक. हृदयाची रचना लिहा. उत्तर खालीलप्रमाणे. सदर हृदय हे चार खोल्यांचं. वरच्या दोन, खालच्या दोन. मधी भिंत. खोल्यांना झडपा, त्या एकाच बाजूला उघडतात. चारी खोल्या..."

इथे आवाज थांबला. फीत फिरत राहिली. पत्र्यावर वारा, लांब कुठेतरी कुत्रे, आणि एका माणसाचा श्वास. त्या दिवशी त्याने किती घरांच्या खोल्या मोजून लिहिल्या होत्या, ते कोण सांगणार? मोजण्याइतका वेळ गेला. मग तो हळू म्हणाला:

"चारी खोल्या शाबूत."

आणि लगेच, घसा साफ करून: "वाचून दाखविले, बरोबर आहे. प्रश्न क्रमांक दोन."

दीपालीने फीत थांबवली नाही. बावीस मिनिटे ती मशीनसमोर फरशीवर बसून राहिली. फुप्फुसे, जठर, रक्ताचे गट, मेंदू म्हणजे कलेक्टर कचेरी, आणि अकरावी किडनी. बारनिशीला ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात दाबला. माझ्या पुसलेल्या चार गाण्यांबद्दल मला त्या बावीस मिनिटांत एकदाही काही वाटले नाही. तो सायकलला टेकून उभा राहिलेला तरुण लाखो लोकांसाठी गायला होता. माझ्या या बाजूचा ऐकणारा एकच होता, आणि तो आत्ता आला होता.

खटका पडला.

तिने सीलबंद डबी समोर ठेवली. उघडली नाही. कपाटाचे दार अजून उघडे होते. तिने त्या रिकाम्या खणाकडे पाहिले आणि मोठ्याने, पलीकडे नागाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाली:

"आप्पा, पहिला प्रश्न हृदयाचा होता. मी खोटं बोलले होते. ऐकली मी आता, पहिल्यापासून." तिने श्वास घेतला. "आप्पा, माझी गाण्याची कॅसेट द्या."